कृषी महोत्सव की रानभाजी महोत्सव: गटाचा स्टॉल लावायचा तर कुठं?

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीकडच्या काही बचत गटांनी यंदा एकच प्रश्न फिरून फिरून विचारला, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. हिवाळा सरता सरता जिल्ह्याच्या ठिकाणी पाच दिवसांचा कृषी महोत्सव होतो तो करावा, की 9 ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाला धरून तालुक्याला रानभाजी महोत्सव होतो तो? दोन्ही जमले तर उत्तमच, पण घरची शेती, गटातल्या बायकांची मजुरी, गाडीभाडं, लेकरांच्या शाळा, हे सगळं धरलं की बहुतेकांना एकच जमतो. मी आमच्या सौ.च्या गटासोबत दोन्हीकडे स्टॉलवर उभा राहिलोय आणि आता आम्ही एकच करतो. कागदपत्रं, आत्मा (कृषी खात्याची यंत्रणा), उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान), अर्ज कोणाकडे द्यायचा, हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आमचा माल काय ते आधी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. घरचा एचएमटी तांदूळ, जवसाची चटणी, मोहाचे लाडू, मोहाचं सरबत आणि पावसाळ्यात रानभाज्या. तुमचा माल वेगळा असेल तर तुमचा हिशोबही वेगळा निघू शकतो.

मोठ्या महोत्सवाचं जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणावं लागेल. गर्दी तिथंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपलं धान चुरून झालेलं असतं, हात मोकळे असतात, बायकांना चार दिवस घराबाहेर राहायचं तर तोच काळ बरा. गल्ला दिवसाच्या दिवस पाहिला तर तिथं जास्त भरतो यात वाद नाही. आणि शेजारी कोण कोण बसतं पाहा, एका बाजूला भिवापूरची मिरची, दुसऱ्या बाजूला वायगावची हळद, समोर भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, पलीकडे संत्र्याचा रस आणि बर्फीवाले. वायगावच्या हळदीला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्याला त्याच्या आधी 2014 ला, ती मंडळी आपल्या पाकिटावर ते कसं छापतात, पाकीट किती वजनाचं करतात, गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य काय बोलतात हे बघण्यातच आपला एक दिवस सार्थकी लागतो. आमच्या सौ.नं चटणीची पाकिटं लहान केली ती तिथलं बघूनच, आणि ती फायद्याची गोष्ट झाली.

आणि शिजवलेल्या पदार्थांचं तर विचारूच नका. संध्याकाळी शहरातली माणसं घरदार घेऊन येतात ती जेवायलाच, वडाभात, पानगे आणि वांग्याची भाजी, झुणका-भाकर, तर्री पोहे, याच्या स्टॉलसमोर पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या गटाचा हात स्वयंपाकाचा असेल आणि शंभर माणसाचं रांधायची तयारी असेल तर माझ्या मते मोठा महोत्सवच करा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण आपला माल पोतं, पाकीट आणि बाटलीत असेल तर पुढं वाचा.

मोठ्या महोत्सवाला स्टेज असतो. स्टेजवर सकाळी चर्चासत्र, दुपारी सत्कार, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा नाहीतर लावणी, आणि त्याचे भोंगे स्टॉलच्या रांगांवर तोंड करून बांधलेले असतात. सकाळचं चर्चासत्र एकवेळ परवडलं, चांगली माणसं येऊन चांगलं बोलतात. पण चार वाजल्यापासून रात्री बंद होईपर्यंत, म्हणजे नेमकी गर्दी असते तेव्हा, स्टॉलवर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. साउंड चेकच अर्धा तास चालतो. तुम्ही म्हणाल, आवाजाचं काय एवढं, जत्रेला गेलं की आवाज असतोच. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, पण विक्रीवर त्याचा जो परिणाम होतो तो तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

एचएमटी तांदळाचंच घ्या. एचएमटी म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, आमच्या किराण्यात यापेक्षा स्वस्त आहे. बरोबरच आहे, एचएमटी नावाच्या थैल्या सगळ्या दुकानात मिळतात. मग मला सांगावं लागतं की ताई, हे वाण आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी काढलं, 1983 च्या सुमारास पटेल-3 या धानाच्या बांधीत, म्हणजे वावरात, त्यांना थोड्या वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, असं करत करत वाण तयार झालं, जवळ दीडेक एकर वावर होतं त्या माणसाकडे, 2018 ला गेले ते. आणि हा तांदूळ आमच्या बांधीतला आहे, यात दुसरं काही मिसळलेलं नाही, वाटल्यास मूठभर घेऊन बघा. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मिळाली तर बाई पाच किलो नेते आणि नंबरही घेऊन जाते. भोंगा चालू असेल तर ती फक्त पाटीवरचा भाव वाचते आणि पुढं जाते. भावात तर आपण दुकानाला हरतोच.

मोहाच्या सरबताचं तर मला अजून वाईट वाटतं. एक बाई, मास्तरीण असाव्यात, सोबत लहान मुलगा, मुलानं ग्लासाकडे बोट दाखवलं. बाईंनी खुणेनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं मोहाचं सरबत. त्यांच्या कपाळाला आठी पडली, मोह म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मी ओरडून म्हटलं, "दारू नाही ताई, फुलाचं सरबत आहे," आणि त्या गलक्यात त्यांना त्यातला पहिला शब्दच तेवढा ऐकू गेला. मुलाचा हात धरून त्या अशा वळल्या की मागून बोलवायचीही सोय उरली नाही. सौ. पहाटे उठून ती फुलं निवडते, आतले केसर झटकते, दोन-तीन पाण्यानं धुते, भिजत घालते, निंबू पिळते, आणि एवढं करून सरबत लोकांच्या नजरेत दारू ठरतं. नंतर आम्ही मोठ्या अक्षरात पाटी लावली, थोडा फरक पडला, पण पाटी काही उलट प्रश्नाला उत्तर देत नाही.

संयोजकांना आम्ही विचारलं होतं, रागानं नाही, की भोंगे निदान स्टॉलकडून फिरवा. स्टेजचं कंत्राट वेगळं, स्टॉलचं वेगळं, एक दुसऱ्याकडे पाठवते, दुसरा म्हणतो साहेबांना विचारा. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ऑर्केस्ट्राशिवाय गर्दी येत नाही असं त्यांना वाटत असेल, आणि त्यात थोडं तथ्यही असेल. आपल्याकडच्या मंडईतही, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतही, नाटक-दंडार असतेच की. पण मंडईत दुकानं दिवसा चालतात आणि नाटक रात्री उभं राहतं.

आता रानभाजी महोत्सव. हा लहान. पंचायत समितीचं नाहीतर तालुक्यातलं एखादं सभागृह, टेबलं मांडलेली, वर साधी चादर, कधी पळसाच्या पानावर मांडलेली भाजी. एकच दिवस, आणि खरं म्हणजे अर्धाच, कारण दुपारपर्यंत माल संपतो. तरोटा, केना, काटवल, कुड्याच्या शेंगा, वास्ते, आणि नशिबानं त्या आठवड्यात निघाल्या तर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या. काटवल आणि सात्या विकायला तोंड उघडावं लागत नाही, टोपली खाली ठेवायच्या आधीच हात पुढं येतात. पण वास्ते घ्या. बांबूचे कोवळे कोंब नुसते पाहून नव्या माणसाला काही कळत नाही. त्याला सांगावं लागतं की वरची टरफलं काढा, आतला कोवळा भाग बारीक चिरा, भरपूर पाण्यात चांगला उकळा, ते पाणी फेका, मगच फोडणी द्या, नाहीतर कडू लागते आणि पोटालाही बरं नाही. तरोट्याचंही तसंच, कोवळा पाला तेवढाच घ्यायचा, जून झाला की मजा गेली. हे न सांगता भाजी दिली तर माणूस घरी जाऊन बिघडवतो आणि पुन्हा कधी घेत नाही.

तिथं हे सांगता येतं. माइक असतो, पण उद्घाटनापुरता. नंतर नुसती माणसांची कुजबुज. एखादी म्हातारी आजी येते, आपल्या पोरीला बाजूला सारून पुढं होते आणि भाजी हातात घेऊन म्हणते, "बाप्पा, हे तं आमी चण्याची दाळ टाकून करत होतो," आणि मग आजूबाजूचे चार जण तेच ऐकून घेऊन जातात. पाककृती स्पर्धा असते, तिथं तीच भाजी शिजवून चाखायला ठेवलेली असते, माणूस चाखतो आणि आपल्या टेबलाशी येतो. सौ. बोलायला लाजते असं मी समजत होतो, मोठ्या महोत्सवात तर ती मागंच बसायची. इथं तिनं तालुक्याच्या साहेबांना वास्ते कसे चिरायचे ते विळीवर बसून दाखवलं, अंगठ्याएवढा कोंब आणि त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या, बोलता बोलता, विळीकडे न पाहता.

गल्ला कमी, हे खरंच. एक दिवसाचा गल्ला पाच दिवसांशी कसा जुळणार. पण आमच्याकडे वर्षभर फोनवर तांदूळ मागवणारी जी माणसं आहेत ती बहुतेक या लहान महोत्सवातली. मी काही वही घालून मोजलं नाही, अंदाजच आहे, पण फोन आला की आवाज ओळखू येतो आणि बहुतेक वेळा तो शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातली सिस्टर, असा तालुक्यातलाच कोणीतरी असतो.

आणखी एक गोष्ट, जी मला वाटते फार जण धरत नाहीत. फेब्रुवारीत आपला तांदूळ नवा असतो. नवा एचएमटी वासाला छान, पण पाण्याचा अंदाज थोडा चुकला की भात गिचका होतो, आणि शहरातल्या बाईनं कुकरमध्ये टाकला की तिला वाटते तांदूळच खराब. ऑगस्टपर्यंत तोच तांदूळ जुना झालेला असतो, भात मोकळा होतो, फुगतो. मोहाचंही तसंच. फुलं पडतात मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे कृषी महोत्सवाला आपण वर्षाची जुनी वाळलेली फुलं नेतो, आणि ऑगस्टला यंदाची. सरबताच्या चवीत फरक पडतो. म्हणून रानभाज्यांच्या टेबलावर एका कडेला तांदळाची चार पोती आणि सरबताचं भांडं ठेवायला मिळालं तर ठेवाच, आम्हाला कोणी अडवलं नाही.

रानभाजी महोत्सवाची अडचण नाही असं नाही. सगळ्यात मोठी म्हणजे रोवणा, धानाची लावणी. ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे आपल्या झाडीपट्टीत चिखलात पाय असतात, बाईला रोवण्याची मजुरी सोडून यावं लागते, आणि आदल्या दिवशी भाजी तोडायला रानात जायचं तो दिवस वेगळा. गटात यावरून भांडणं होतात, आमच्याकडेही झाली. आम्ही शेवटी असं केलं की ज्या दोघी येतील त्यांची रोवण्याची मजुरी आधी गल्ल्यातून काढायची, उरलेलं गटाचं. दुसरं, पाहुणे. अकराचं उद्घाटन एकला होतं, फीत कापेपर्यंत विकू नका म्हणतात आणि केना तोवर माना टाकतो. ओलं फडकं झाकून ठेवायचं, मधून मधून पाणी शिंपडायचं, एवढंच हातात आहे. आणि पाऊस लागला तर त्या दिवशी अर्धी माणसं येतच नाहीत.

तर ज्याला एकाच वेळी मोठा गल्ला पाहिजे, हातात मनुष्यबळ आहे, पदार्थ गरम गरम देता येतो, त्यानं जिल्ह्याला जावं, मी अडवणार नाही. कच्चा माल, तांदूळ, मोह, रानभाजी, ज्याला समजावून द्यावं लागते, त्यासाठी मला तरी ऑगस्टच बरा वाटतो, आणि आम्ही तोच धरून राहिलोय.

ठरलंच तर जूनमध्येच आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (आधीचे कृषी सहायक) कानावर घालून ठेवा, यादी जुलैत बनते आणि ओळखीतले गट आधी भरले जातात. टेबल दारापासून थोडं आत मागा, दाराशी पावसाचे शिंतोडे येतात आणि तांदूळ दमट होतो. आणि तरीही जिल्ह्यालाच जायचं असेल तर जागेचं वाटप व्हायच्या आदल्या दिवशी मैदानावर जाऊन स्टेज कुठं बांधताहेत आणि भोंग्यांचे खांब कुठं गाडताहेत ते स्वतः पाहून या, मग स्टेजच्या पाठीमागच्या रांगेत स्टॉल मागा. लोक म्हणतील तिकडे गर्दी नसते. थोडी कमी असते, पण तिथं आलेलं माणूस तुमचं बोलणं ऐकू शकते.