वाय-फाय बंद केलं तरी फोन शोधतच राहतो: अँड्रॉइड फोन, काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेरा, स्क्रीन, चार्जिंगचा वेग यावर सगळीकडे भरपूर लिहून झालंय, त्यामुळे त्यात जात नाही. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीवर. या फोनचं वाय-फाय बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही.

बाहेर पडताना वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद करायची माझी जुनी सवय आहे. हा फोन घेतल्यापासून घरी आलो की वाय-फाय आपोआप चालू झालेलं असायचं. शेवटी सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या माणसाने सेटिंग न उघडताच सांगितलं, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे सर, फॅक्टरी रिसेट मारावा लागेल. डेटा सगळा जाईल." मी म्हटलं, आधी सेटिंग तरी बघा. "सेटिंगचं काही नसतं यात." मी फोन घेऊन सरळ बाहेर आलो.

आणि होतं सेटिंगचंच! वाय-फायच्या पानावर अगदी खाली, नेटवर्कच्या प्राधान्यांमध्ये 'वाय-फाय आपोआप चालू करा' असा पर्याय असतो. सेव्ह केलेलं, चांगल्या सिग्नलचं नेटवर्क जवळ आलं की फोन स्वतःच वाय-फाय सुरू करतो. तो पर्याय बंद केला, तक्रार संपली. एवढ्यासाठी हे लोक माझे फोटो आणि चॅट पुसायला निघाले होते. ग्राहकाचा डेटा पुसायच्या आधी दोन मिनिटं सेटिंग बघणं हे त्यांचं कामच आहे.

पण मग डोक्यात आलं, वाय-फाय बंद असताना घरचं नेटवर्क जवळ आलंय हे फोनला कळतं कसं? त्याचं उत्तर वाय-फायच्या पानावर नाही. ते लोकेशनच्या आत, लोकेशन सर्व्हिसेसमध्ये आहे. तिथे 'वाय-फाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' ही दोन बटणं आहेत आणि माझ्या फोनवर दोन्ही पहिल्यापासून चालू होती. वाय-फाय बंद असलं तरी ॲप्स आणि सेवा केव्हाही आसपासची नेटवर्क शोधू शकतात, असं खाली लिहिलेलंही आहे. इमारतीत जीपीएस कमजोर पडतं, तेव्हा आसपासच्या राउटरवरून जागा ठरवता येते, हा त्यामागचा उपयोग. उपयोग मला मान्य आहे. पण मग हे बटण वाय-फायच्या बटणाशेजारी हवं. माणूस वाय-फाय बंद करायला लोकेशनच्या पोटात कशाला शिरेल?

मी दोन्ही स्कॅनिंग बंद केली. बॅटरीत जाणवेल असा फरक पडला नाही, त्या आशेने कोणी बंद करू नये. मोठ्या इमारतीत नकाशावरचा ठिपका मात्र आता जास्त भरकटतो. ते मला चालतं.

आयफोनवाल्यांनीही निवांत राहू नये. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून तिथे कंट्रोल सेंटरमधून, म्हणजे स्क्रीनवर बोट ओढून उघडणाऱ्या झटपट बटणांच्या पानावरून, वाय-फाय बंद केलं तर फक्त जोडणी तुटते, आणि पहाटे ५ वाजता ते पुन्हा जोडायला मोकळं होतं. खरोखर बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं. निदान तिथे उद्यापर्यंतच तोडलंय असा संदेश तरी दिसतो.

आता ज्याबद्दल माझं मत मध्येच बदललं ते सांगतो. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वाय-फाय नेटवर्कला आपला खरा मॅक ॲड्रेस (म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा, आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांचा पत्ता) न देता एक बनावट पत्ता देतो. सुरुवातीला याचा मला भयंकर राग आला होता, कारण घरच्या राउटरवर मुलांच्या फोनना रात्रीची वेळमर्यादा लावलेली आहे आणि ती मॅक ॲड्रेसवर चालते. मुलीलाही याच मॉडेलचा फोन घेतला आणि तिच्यावरची मर्यादा चालेना. राउटरची यादी उघडली तर अनोळखी पत्ता. ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातला दुसरा आकडा किंवा अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. खऱ्या पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून सहसा बनवणारी कंपनी कळते, इथे तेही कळत नाही. पण एका नेटवर्कसाठी हा पत्ता सहसा तोच राहतो. तो राउटरमध्ये एकदा नोंदवला आणि मर्यादा पुन्हा लागू झाली. त्या नेटवर्कपुरता खरा पत्ता वापरण्याचाही पर्याय आहे. बाहेरच्या फुकट वाय-फायवर मात्र याचा फायदा मोठा आहे, कारण प्रत्येक ठिकाणी फोन वेगळा दिसतो आणि त्या पत्त्यावरून माझा माग जुळवता येत नाही. आता ही सोय नसलेला फोन मी घेणार नाही.

दुसरी गोष्ट, जिने खरंच आनंद दिला. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथ उपकरण शोधायचं तर ॲपला लोकेशनची परवानगी द्यावी लागायची. इअरफोनचा आवाज जुळवायला माझा ठावठिकाणा कशाला? अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आहे. माझ्या इअरफोनच्या ॲपने तरीही लोकेशन मागितलं. नाकारलं. सगळं सुरळीत चालतंय. प्रायव्हसी डॅशबोर्डही त्याच आवृत्तीत आला. लोकेशन, माइक, कॅमेरा कोणत्या ॲपने किती वाजता वापरला ते तिथे ओळीने दिसतं. रात्री झोपायच्या आधी बघावं असं ते पान आहे. हवामानाचं एक ॲप दिवसभर लोकेशन घेत होतं, त्याला आता फक्त अंदाजे जागा मिळते आणि पावसाचा अंदाज पूर्वीइतकाच बरा येतो.

डेटा सेव्हर चांगला आहे, मोबाइल डेटा पुरवून वापरायचा असेल तर लावाच. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एक तारा मी कापतोय तो स्कॅनिंगसाठीच. अँड्रॉइड १५ मध्ये तर ब्लूटूथ बंद करताना 'उद्या आपोआप चालू करा' असा पर्यायही आलाय. अपडेट झाल्यावर आधी तो बघा, मग लोकेशनमधली दोन बटणं बघा.