रेनॉक्स डीसीआर-१५० : हातातल्या टेलीवरच मॅक्रो

कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा तत्सम टेली झूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) बऱ्याच जणांकडे असते, आणि तिच्याने फुलपाखरांचे फोटो बरे येतात पण अंडी, कोळी, मुंग्या काढायच्या म्हटल्या की ती कमी पडते, कारण ती ८५ सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही आणि मोठेपणा (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट) मिळतो फक्त ०.२९ पट. मॅक्रो लेन्सचं (अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या लेन्सचं) बजेट नसेल तर माझं सरळ मत, रेनॉक्सची डीसीआर-१५० घ्या.

ही ४.८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) क्लोजअप लेन्स आहे, चिमट्यासारख्या अडॅप्टरने आपल्या लेन्सच्या पुढे लागते, ५२ ते ६७ मिमी थ्रेडच्या (पुढच्या फिल्टरच्या आट्यांच्या) कुठल्याही लेन्सला चालते. ५५-२५० चा थ्रेड ५८ चा, म्हणजे प्रश्नच नाही. हिशोब सोपाय, टेलीचा फोकस अनंतावर ठेवला की २५० मिमी झूमला सुमारे १.२ पट मोठेपणा मिळतो, म्हणजे क्रॉप सेन्सरवर (५५-२५० ज्या कॅमेऱ्यांना लागते त्यांच्या लहान सेन्सरवर) जेमतेम १९ मिमीची वस्तू पूर्ण फ्रेम भरते!! आणि लेन्सपासून वस्तूचं अंतर राहतं साधारण २१ सेंटीमीटर. हे अंतर फार महत्त्वाचं, आमच्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या असतात, त्यांच्यावर कॅमेऱ्याची सावली न पाडता फोटो निघतात. रेनॉक्सचीच डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची आहे, तिच्यात २ पट मिळेल पण अंतर १२-१३ सेंमीवर येतं, उड्या मारणारा कोळी तेवढ्यात पसार होतो. सुरुवात डीसीआर-१५० नेच करा.

एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायची पोकळ नळी) घेऊ का असं बरेच जण विचारतात. ५० मिमी लेन्ससाठी जरूर घ्या, ३६ मिमीच्या ट्यूबने तिथे ०.७२ पट जास्तीचे मिळतात, पण तीच ट्यूब टेलीच्या २५० मिमीला लावली तर जेमतेम ०.१४ ची भर, वर उजेडही कमी होतो. टेलीला क्लोजअप लेन्सच शोभते आणि उजेड तसाच राहतो. आणि ट्यूब घेतलीतच तर कॉन्टॅक्टवालीच (कॅमेरा-लेन्समधली विद्युत जोडणी टिकवणारी) घ्या, नाहीतर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) बदलता येत नाही.

ते +१ +२ +४ +१० वाले स्वस्त चार काचांचे सेट मात्र नकोच, एकेरी काच असते, कडांना जांभळा-हिरवा रंग पसरतो आणि कोपरे मऊ पडतात, टेलीवर तर ते जास्तच दिसतं. रेनॉक्समध्ये हा त्रास जवळजवळ नाही.

उणीवा सांगतो. झूम कमी केला की कोपरे काळे होतात, त्यामुळे वापर झूमच्या लांब टोकाकडेच. लांबचं काही फोकस होत नाही, मधेच पक्षी आला तर काढून ठेवावी लागते, पण चिमटा असल्याने दोन सेकंदाचं काम. फोकसची खोली (शार्प दिसणाऱ्या भागाची जाडी) एफ११ इतकं बारीक अ‍ॅपर्चर ठेवलं तरी एक मिलिमीटरपेक्षा कमी, मग ऑटोफोकस बंद करायचा आणि अंगानेच हळूहळू पुढेमागे व्हायचं, डोळा शार्प दिसला की क्लिक. एफ११ ला उजेड पुरत नाही तेव्हा फ्लॅश लागतोच, त्यापुढे पांढरा कागद किंवा डिफ्यूझर धरा, नाहीतर अळीच्या अंगावर पांढरे चट्टे उठतात.