साडेचार हजारांचं धड : काय दिसतं, काय दिसत नाही

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी-फिजिओलॉजी शिकवते. वर्गात सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मुली जास्त. बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि इथे आल्या आल्या हातात इंग्रजी पुस्तक. फळ्यावर कितीही आकृत्या काढा, स्वादुपिंड जठराच्या मागे म्हणजे नेमकं कुठे, हे काही त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून नाशिकच्या शालिमारजवळच्या एका दुकानातून अवयव काढता-घालता येणारं हे प्लास्टिकचं धड घेतलं. उंची ४२ सेंमी. सांगितले ५,२००, दिलं ४,५०० ला.

अवयवांच्या जागांबाबत मात्र मॉडेल चोख आहे. यकृत उचललं की खाली हिरवं पित्ताशय. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोनच, आणि डाव्याला हृदयासाठी कडेला खोबण. मूत्रपिंडंही एका रेषेत नाहीत. एकीने लगेच विचारलं, "मॅडम, उजवी किडनी खाली घसरली का हो?" घसरली नाही गं, वर एवढं मोठं यकृत बसलंय ना! श्वासनलिकेचे दोन फाटेही नीट दाखवलेत. उजवा जास्त रुंद आणि जास्त सरळ खाली जाणारा. लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा गेला तर तो बहुतेक वेळा उजवीकडेच का सापडतो, हे फाट्यावरून बोट फिरवलं की वेगळं सांगावं लागत नाही.

घोळ आहे तो हृदयात. ते दोन भागांत उघडतं, डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा जाड दाखवली आहे, इथपर्यंत ठीक. डाव्याला सगळ्या शरीरभर रक्त ढकलायचं असतं, उजव्याला फक्त फुप्फुसांपर्यंत. पण रंगवणाऱ्याने धमनी दिसली की लाल, शीर दिसली की निळा, असा सरसकट हात मारलाय. फुप्फुस धमनीतून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जातं, म्हणजे ती निळी हवी. फुप्फुस शिरा ऑक्सिजन घेऊन परततात, त्या लाल हव्यात. इथे बरोब्बर उलटं! मुली नेमक्या इथेच गोंधळतात, परीक्षेतही हेच विचारतात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कंपनीकडूनच असं येतं, आजवर कुणी बोललं नाही." बदलून द्यायला तयार नाही. शेवटी एका मुलीने निळं नेलपॉलिश आणलं, लाल माझ्याकडे होतंच. दोन हात दिले, छान बसलं.

आतडी एकाच गठ्ठ्यात चिकटवलेली आहेत, सुटी होत नाहीत. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर असतं, हे त्या मुठीएवढ्या गठ्ठ्यावरून कुणाला पटणार? मी तेवढी सुतळी मोजून वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, इथे नुसती रंगवलेली रेघ आहे. ते खाली सरकतं, छातीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि हवा आत येते, हे दाखवायला आपली कापलेली बाटली आणि फुगेच बरे.

आठवी ते दहावीच्या वर्गाला हे मॉडेल पुरेल. नर्सिंगला सोबत मोठं सुटं हृदय घ्यावंच लागतं. त्याच दुकानात त्याचे २,२०० सांगतात. पैसे देण्याआधी तिथेच उघडून फुप्फुस धमनीचा रंग तेवढा बघा.