नदीचा नमुना घ्यायला कोणता पॅन: लोखंडी, प्लास्टिकचा की बातेआ?

नदीच्या रेतीत सोनं आहे का, हे बघायला निघालेला माणूस आधी विचारतो, "पॅन कोणता घेऊ?" पॅन म्हणजे रेती पाण्यात हलवून धुवायची पसरट परात: हलकी रेती कडेवरून जाते, जड सोनं तळाशी राहतं. उत्तर देण्याआधी मी त्यालाच विचारतो, "सोनं गोळा करायचंय की नमुना घ्यायचाय?" कारण ही दोन कामं वेगळी आहेत. नमुना घेताना हाती किती आलं यापेक्षा ते कुठून आलं हे महत्त्वाचं. वळणाच्या आतल्या बाजूच्या रेतीतून, मोठ्या धोंड्याच्या आडोशातून, की खडकाच्या भेगेत घट्ट बसलेल्या गाळातून? दिवसभरात अशा आठ-दहा जागा धुऊन व्हायला हव्यात आणि एकीचा निकाल दुसरीशी ताडून बघता यायला हवा. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

लोखंडी पॅन दणकट. दगडावर आपटला तर पोचा पडेल, पण फुटणार नाही. धुऊन उरलेली काळी रेती, म्हणजे सोन्याबरोबर मागे राहणारी जड काळी खनिजं, त्यातच विस्तवावर धरून वाळवता येते. प्लास्टिकला हे जमत नाही. पण नवा पॅन गंजू नये म्हणून त्यावर तेलाचा हात फिरवलेला असतो, आणि घात तिथेच होतो. माझा पहिला पॅन लोखंडीच होता आणि मी तो तसाच पाण्यात घातला. शेवटच्या दोन चिमटी रेतीवर पाणी फिरवत होतो, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच पिवळे पापुद्रे पाण्यावर तरंगत आले आणि कडेवरून निघून गेले. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, तरीही तरंगलं. पापुद्रा चपटा आणि तेलकट असला की पाण्याचा पृष्ठताण त्याला वर धरून ठेवतो. त्या जागेपुढे मी वहीत "काही नाही" लिहिणार होतो. नमुना घेताना याहून वाईट चूक नाही, कारण खोटा निकाल लागलेल्या जागेकडे माणूस परत फिरकत नाही.

उपाय सोपा आहे. पॅन विस्तवावर निळसर पडेपर्यंत तापवायचा, सावकाश गार होऊ द्यायचा आणि धुताना पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकायचा. त्या निळसर काळ्या रंगावर पिवळा कण उठूनही दिसतो. गंजाचं मात्र कायम बघावं लागतं.

प्लास्टिकचा पॅन हलका, गंजत नाही, आणि त्याच्या एका बाजूला ओतीव खाचा असतात. खाचांची बाजू आपल्यापासून पलीकडे ठेवून धुतलं की हलकी रेती खाचांवरून निघून जाते आणि जड माल मागे अडतो. नवशिक्याची निम्मी चूक या खाचा सांभाळून घेतात. रंग हिरवा किंवा काळा घ्यावा. माझा कौल हिरव्याला, कारण त्यावर काळी रेती आणि सोनं दोन्ही वेगवेगळी ओळखू येतात.

प्लास्टिकचा मोठा फायदा चुंबकाचा. काळ्या रेतीत मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. पॅनच्या तळाला बाहेरून चुंबक लावून फिरवला की ते एका बाजूला ओढलं जातं. लोखंडी पॅनमध्ये हे होत नाही, चुंबक पॅनलाच चिकटतो. चुंबक थेट रेतीत मात्र घालू नका. मॅग्नेटाइटच्या गुंत्यात अडकून बारीक सोनंही बाहेर येतं. काळ्या रेतीतलं दुसरं जड खनिज, इल्मेनाइट, चुंबकाला फारशी दाद देत नाही, ते हातानेच धुऊन काढावं लागतं. नवा प्लास्टिकचा पॅनही तेलकट असतो, म्हणून आधी साबण आणि बारीक रेतीने आतून घासून घ्या.

बातेआ म्हणजे शंकूच्या आकाराची, मध्ये खोल होत गेलेली परात. दक्षिण अमेरिकेत ती पूर्वापार लाकडाची असते. ती पुढे-मागे हलवायची नसते, गोल फिरवायची. जड माल मधल्या टोकाशी गोळा होतो आणि हलका कडेने बाहेर पडतो. सरावलेल्या हातात बारीक सोन्यासाठी तिला तोड नाही. जड खनिजांचे नमुने काढणारे भूवैज्ञानिकही ती वापरतात. पण खाचा नसल्यामुळे हात चुकला तर सावरायला काही नाही.

आकार एकदा ठरला की बदलू नका. साधारण 35 सेंटिमीटरचा पॅन नमुन्याला पुरतो, त्याहून मोठा भरल्यावर मनगटाला जड जातो. 25 सेंटिमीटरचा छोटा पॅन शेवटची काळी रेती निवडायला बरा. प्रत्येक जागेचा माल एकाच मापाने घ्या आणि माप चाळण्याआधीचं की नंतरचं, ते लिहून ठेवा. एका जागी न चाळलेली बादली आणि दुसऱ्या जागी चाळलेली बादली घेतली, तर कणांची तुलना फोल ठरते. एखादा मोठा कण सापडला तर त्याची नोंद वेगळी करा, नाहीतर तेवढ्यावरून ती जागा उगाच श्रीमंत वाटते.

पॅन आपल्या हाताला बसतो का, हे बघायची चाचणी घरी करता येते. शिशाचे दहा बारीक छर्रे हातोडीने चपटे करा, टबात सोनं नसलेल्या रेतीबरोबर धुवा आणि शेवटी मोजा. शिसं पाण्याच्या 11.3 पट जड, म्हणजे सोन्याहून बरंच हलकं. ते पॅनमध्ये टिकलं तर तेवढ्याच आकाराचं सोनं टिकेल. मी तिन्ही साधनं अशी तपासली. प्लास्टिकमध्ये दहाचे दहा लवकर यायला लागले, लोखंडीत काही दिवसांनी, बातेआत सगळ्यात उशिरा. म्हणून पहिलाच पॅन घेणाऱ्याला मी खाचांचा हिरवा प्लास्टिकचा पॅन सांगतो. ज्याला बारीक सोन्याच्या नदीवर वर्षानुवर्षं काम करायचंय, त्याने बातेआ शिकायला वेळ द्यावा. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

राहिली स्लुइस, म्हणजे प्रवाहात तिरकी ठेवायची खाचांची पन्हळ. तासाभरात ती पॅनच्या कितीतरी पट माल धुते, पण चार थरांचा माल एकत्र झाला की सोनं कुठल्या थरातलं हे सांगत नाही. पॅनने जागा पक्की झाल्यावरच ती आणावी. पॅनमधला पिवळा कण सोन्याचाच आहे ना, हेही तोवर पक्कं करा. सावलीत धरला तरी सोन्याचा रंग तोच राहतो, अभ्रकाची चमक मात्र जाते. टाचणीने दाबलं तर सोनं चपटं होतं, पायराइट या सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा भुगा होतो. 1848 साली कॅलिफोर्नियात ज्याला सोनं सापडल्यावर तिथे झुंबड उडाली, त्या जेम्स मार्शलनेही सापडलेला तुकडा ठोकूनच पाहिला होता.