व्हॉइस आणि वाय-फायचं प्रशिक्षण: सिम्युलेटर की खरी लॅब?

नेटवर्क अॅडमिनना व्हॉइस आणि वायरलेस ट्रॅफिक सांभाळायला शिकवायचं, तर सिम्युलेटर पुरेल की खरी उपकरणं मांडावीत, असा पेच पडतो.

खर्चात सिम्युलेटर सरळ पुढे. एक बरा लॅपटॉप पुरतो, कॉन्फिगरेशन बिघडलं तर लगेच पूर्ववत. लॅबला किमान एक पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा), राउटर, दोन अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी उपकरणं) आणि दोन-तीन फोन हवेत, शिवाय मांडामांडीत वेळ जातो.

क्लासिफिकेशन (ट्रॅफिक ओळखणं), मार्किंग (त्यावर खूण करणं), क्यू (रांगेत लावणं) ही पायाभरणी सिम्युलेटरवर छान होते. पण तुटणारा आवाज तिथे ऐकू येत नाही. खऱ्या लिंकवर कॉल चालू असताना मोठी फाइल सोडा, जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) ३० मिलिसेकंदांपलीकडे जाऊ द्या, मग प्रायॉरिटी क्यू (आवाजाला आधी सोडणारी रांग) लावा. फरक कानालाच कळतो.

वायरलेसमध्ये तर तुलनाच नको. व्हॉइसचा डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) ४६, बायनरीत १०१११०. बरीच उपकरणं त्याचे पहिले तीनच बिट घेतात: १०१, म्हणजे ५. डब्ल्यूएमएममध्ये (वाय-फायच्या प्राधान्य-व्यवस्थेत) ५ हा व्हिडिओचा वर्ग, व्हॉइसला ६ हवा. कॉल चुकीच्या रांगेत जातो आणि स्विचचं कॉन्फिगरेशन मात्र निर्दोष दिसतं. ही चूक हवेतली पॅकेट कॅप्चर करून (पकडून) तपासली की नेमकी सापडते. चालता चालता कॉल तुटतो तेही लॅबमध्येच दिसतं. सिग्नल −६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं एकक) खाली गेला तरी फोन जुन्याच अॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतो.

नवख्यांना आणि परीक्षेच्या तयारीला सिम्युलेटर. वाय-फायवर फोन चालवणाऱ्या टीमला लॅबच हवी, छोटी असली तरी.