तयार नोट्सचा संच, पावसाळ्यापासून आजपर्यंत: कुठला विषय तरला, कुठला बुडाला

लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या तयारीसाठी मी गेल्या पावसाळ्यात पुण्यात तयार नोट्सचा पूर्ण संच घेतला. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, विज्ञान, पर्यावरण, प्रत्येकाचा वेगळा खंड, झेरॉक्स छपाई, स्पायरल बाइंडिंग. आता उन्हाळा लागलाय आणि त्यातलं पानन् पान हाताखालून गेलंय. दुकानाचं नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने असेच संच सगळीकडे मिळतात. अभ्यासिकेत नवीन आलेली मुलं-मुली रोज विचारतात, ‘घेऊ का?’ याचं सरसकट हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. प्रत्येक विषयाला नोट्स वेगळ्या लागू पडतात.

राज्यव्यवस्थेचा खंड सगळ्यात जास्त कामाला आला. हा विषय मुळातच कलमं, परिशिष्टं, समित्या आणि मुदती असा बांधलेला आहे, त्यामुळे तक्त्यात नीट बसतो. पंचायत राजचं पान तर मी फाडून भिंतीला लावलंय. एका बाजूला 73वी घटनादुरुस्ती, 11वं परिशिष्ट, 29 विषय, अंमल 24 एप्रिल 1993 पासून. दुसऱ्या बाजूला शहरांच्या नगरपालिका-महापालिकांची 74वी, 12वं परिशिष्ट, 18 विषय, अंमल 1 जून 1993 पासून. खाली महाराष्ट्रातल्या समित्या ओळीने: वसंतराव नाईक, बोंगिरवार, बाबूराव काळे, पी. बी. पाटील. हे सगळं एका नजरेत दिसणं उजळणीच्या दिवसांत फार मोलाचं असतं.

पण याच खंडात एक गंभीर घोळ सापडला. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती तिथे ‘128वी’ म्हणून छापली आहे. 128 हा विधेयकाचा क्रमांक. 2023 साली ते मंजूर झालं तेव्हा ती 106वी घटनादुरुस्ती ठरली. जीएसटीच्या बाबतीतही तेच, विधेयक 122वं आणि घटनादुरुस्ती 101वी. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणाऱ्या परीक्षेत मुलांच्या हातात असा आकडा देणं मला अक्षम्य वाटतं. खेड्यातून आलेल्या, घरून मोजके पैसे येणाऱ्या मुलाकडे पडताळायला दुसरं पुस्तक असेलच असं नाही. छापलंय म्हणजे खरं, असं मानूनच तो पाठ करतो.

इतिहासाच्या खंडाने मात्र निराशा केली. समाजसुधारकांचं प्रकरण म्हणजे नुसती सनावळी: 1849 परमहंस सभा, 1867 प्रार्थना समाज, 1870 सार्वजनिक सभा, 1873 सत्यशोधक समाज. आकडे बरोबर आहेत, पण दोन आकड्यांच्या मधला माणूस गायब आहे. परमहंस सभा गुप्तपणे चालायची, जातिबंधनं मोडायची शपथ तिथे घेतली जायची. सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे त्याच विचारांची मंडळी प्रार्थना समाजात उघडपणे काम करू लागली. दादोबा पांडुरंग पहिल्या संस्थेत आणि त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग दुसऱ्या संस्थेचे संस्थापक. हा धागा हाती आला की दोन्ही सनं विसरायची म्हटली तरी विसरत नाहीत. आयोग हल्ली सरळ ‘कधी स्थापन झाली’ असं विचारून थांबत नाही. दोन-तीन विधानं देतो आणि त्यातलं कुठलं बरोबर ते विचारतो. तिथे सनावळी पाठ असलेला अडतो आणि गोष्ट माहीत असलेला सुटतो. इतिहासासाठी मी शेवटी स्टेट बोर्डाच्या पुस्तकांकडेच वळले. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नाही.

भूगोलाचा खंड नकाशाशिवाय छापला आहे, आणि एवढ्यावरच तो बाद होतो. कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे, वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल, अशी यादी दिली आहे. ती आठवडाभर टिकते आणि मग सावित्री-शास्त्रीची अदलाबदल सुरू होते. मी कोऱ्या कागदावर किनारा काढून प्रत्येक नदी स्वतःच्या हाताने उतरवली. सावित्री महाडवरून, वाशिष्ठी चिपळूणवरून जाते हे एकदा काढलं की क्रम आपोआप बसतो. पावसाचंही तसंच. महाबळेश्वर आणि माण दोन्ही सातारा जिल्ह्यातच आहेत. एकीकडे धो धो पाऊस आणि दुसरीकडे टँकर, हे का, याचं उत्तर सह्याद्रीची धार काढल्यावर डोळ्यांसमोर येतं. नोट्समध्ये ‘अवर्षणप्रवण तालुके’ या मथळ्याखाली नुसती नावं आहेत. एक चांगला ॲटलास घ्या, या खंडाचे पैसे वाचवा.

विज्ञान ठीक आहे. जीवनसत्त्वं, त्यांच्या अभावाने होणारे आजार, विकरं, संप्रेरकं यांचे तक्ते नेटके आहेत. भौतिकशास्त्राची सूत्रं उदाहरणांशिवाय दिली आहेत, तिथे आठवी ते दहावीची पुस्तकं लागतातच. पर्यावरणाचा खंड पातळ आहे, दोन बैठकांत संपतो.

अर्थव्यवस्थेचा खंड अर्धा टिकाऊ, अर्धा नाशवंत. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य, महागाईचं लक्ष्य 4 टक्के, वर-खाली 2 टक्क्यांची मुभा, ही चौकट छान समजावली आहे, रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, वाढला की आपलं कर्ज का महागतं तेही. पण सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची व्याख्या 2020 सालची आहे. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा 1 कोटीवरून अडीच कोटी झाली आणि उलाढालीची 5 कोटींवरून 10 कोटी. नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ लावून आतली पानं जुनीच ठेवली आहेत. अशी पानं मी पेन्सिलीने खोडून बाजूला नवा आकडा आणि तारीख लिहिते. यापुढे तरी या विषयाच्या छापील नोट्समध्ये फक्त संकल्पना वाचायच्या आणि आकडे अर्थसंकल्प व आर्थिक पाहणी अहवालातून घ्यायचे, असं ठरवलंय.

वापरण्याच्या पद्धतीबद्दलही सांगते, कारण त्यावर खूप काही अवलंबून आहे. सुरुवातीचे काही आठवडे अभ्यासिकेत सगळ्यांसारखाच पिवळा हायलायटर चालत होता. नंतर मी पानाच्या डाव्या समासात प्रश्न लिहायला लागले: ‘नाईक समितीने कोणत्या पातळीवर भर दिला?’ मग उजवी बाजू वहीने झाकायची, उत्तर तोंडाने सांगायचं, नंतरच बघायचं. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त दिवस राहतं, हे शिक्षणाच्या मानसशास्त्रात वारंवार तपासलं गेलंय आणि मला सराव चाचण्यांत स्पष्ट जाणवलं. खरेदी करताना रुंद समास असलेला संच मिळाला तर तोच घ्या.

कागद पातळ आहे, मागची शाई पुढे दिसते. स्पायरल मात्र अजून शाबूत आहे.

दुकानात गेलात तर पैसे देण्याआधी उभ्या उभ्या तीन पानं उघडा. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती 106वी लिहिली आहे का? महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत का, की 2014 च्या पालघरआधीचे 35 च? लघुउद्योगांची व्याख्या कुठल्या सालची आहे? तिन्ही बरोबर असतील तर राज्यव्यवस्था आणि विज्ञानाचे खंड सुटे मागा. बहुतेक ठिकाणी सुटे देतात, फक्त आपण मागावं लागतं.