सेंट जर्मेनचा 'टूरिस्ट' : आठ महिने, एक ओरखडा आणि एक गायब मात्रा

गेल्या आठवड्यात चोर्ला घाटात, कणकुंबीच्या अलीकडं, गाडीतला सीडी प्लेयर कायमचा गप्प झाला म्हणून हे लिहायला बसलोय. सीडी अजून आतच आहे. बटण दाबलं की घर्र करतंय आणि परत गप्प. आठ महिने आठवड्यातून दोनदा बेळगाव-गोवा-बेळगाव करताना हाच एक आल्बम ऐकला, त्यामुळं मत द्यायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

आल्बम २००० चा, ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीवर निघालेला, त्यामुळं तो काय आहे ते सांगत बसत नाही. सेंट जर्मेन म्हणजे फ्रान्सचा लुदोविक नावार, हा मूळ हाऊसवाला माणूस, म्हणजे क्लबात नाचायला मशीनवर ठोका लावणारा, त्याचा आधीचा आल्बम, १९९५ चं 'बुलेव्हार', ज्यांनी ऐकलंय त्यांना तो ठोका माहीत असेल. मग हा जॅझवाल्यांच्या दारात कसा गेला आणि त्यांनी आत कसा घेतला हे मला आधी कळत नव्हतं. आता थोडं कळायलंय.

पहिल्यांदा ऐकला पणजीत एका कॅफेत. काऊंटरवरच्या पोराला नाव विचारलं, बिलाच्या मागं लिहून घेतलं. भाचा म्हणाला मामा फोनवर आहे की, महिन्याला थोडे पैसे भरा आणि ऐका. मला ते पटत नाही. महिन्याच्या महिन्याला भाडं भरून गाणी कसली ऐकायची, विकत घेतलेली वस्तू कपाटात दिसली पाहिजे. शिवाय जांबोटी सोडलं की रेंज जाते, भाडं भरून पण घाटात शांतताच. म्हणून ऑनलाईन एका विक्रेत्याकडनं वापरलेली सीडी मागवली, ११५० रुपये, वर कुरिअर वेगळं. 'कंडिशन व्हेरी गुड' लिहिलेलं होतं, ते लक्षात ठेवा.

पहिलंच गाणं 'रोझ रूज'. ऐकल्या ऐकल्या मी म्हटलं, अरे हा तर लहरा आहे! आमच्या बेळगावात पेटी ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तबल्याचा सोलो असला की पेटीवाला एकच ओळ अर्धा तास धरून बसतो, न कंटाळता, न हलता, आणि तबलजी तिच्या जिवावर वाट्टेल तिकडं जाऊन परत येतो. इथं पेटीच्या जागी मशीन बसलंय आणि तबलजीच्या जागी ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारी जिवंत माणसं. हाऊसवाल्याला ओळ धरून बसायची सवय आधीपासनंच होती, त्यानं फक्त वर माणसं आणून बसवली. हे मी चार लोकांना सांगितलं, भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना पण. ते म्हणाले, "मशीनला लहरा कंटाळवाणा होत नाही, ऐकणाऱ्याला होतो, त्याचं काय?" त्यावर बोलणं थांबलं.

आता माझी मुख्य तक्रार. त्या गाण्यात अमेरिकन जॅझवाल्या डेव्ह ब्रूबेकच्या 'टेक फाइव्ह'चा तुकडा घेतलाय, १९५९ चा. रचना पॉल डेझमंडची, ड्रमवर जो मोरेलो. नावातच पाच आहे, पाच मात्रा, तीन आणि दोन, म्हणजे आमच्या झपतालाचं (दोन-तीन-दोन-तीन) अर्धं उलटं केल्यासारखं. आणि नावारनं काय केलं? चारात बसवलं. नाचणाऱ्यांचे पाय पाचात अडखळतात हे मला समजतंय, तरी पण. मी स्टेअरिंगवर बोटानं मोजत जायचो, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, आणि पाचवी कुठं गेली म्हणून खानापूर रोडच्या सिग्नलला मागनं हॉर्न खाल्लेत. उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, तिथं पाच पीसचं बिल करून चार पाठवले तर पार्टी फोनवर काय काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. इथं मात्र पाचाचं चार केलं आणि सगळे वा वा करतात.

त्याच गाण्यात मार्लेना शॉ या अमेरिकन गायिकेचा आवाज आहे, स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोच्या लाइव्ह कार्यक्रमातला तुकडा. तीच ओळ परत परत. मला ते फार आवडायचं. चौथ्या मिनिटाच्या आसपास ती ओळीतले दोन शब्द धरायची आणि सोडायचीच नाही, बेटणे यायचं, जांबोटी यायचं, बाई तिथंच. प्लेयरचा डिस्प्ले अर्धा गेलेला, मिनिटं दिसत नाहीत. मी म्हटलं काय धाडस आहे बघा, आपल्याकडं एखादी गायिका 'सखी' एवढंच अर्धा तास म्हणते तसं हे. पेटीवाल्या काकांना गाडीत बसवून हाच भाग ऐकवला होता. ते डोळे मिटून बसले होते, मला वाटलं लागली समाधी. झोप लागली होती.

दिवाळीत भाचा आला. गाडीत बसला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला,
"मामा, हे अडकलंय."
"अडकलं नाही, लूप आहे ते, तोच तुकडा परत परत. हाऊस म्हणतात."
"मामा, सीडी अडकलीय!"

त्यानं फोनवर लावून दाखवलं. गाणं सात मिनिटांचं आहे, पुढं जातं, ट्रम्पेट येतो, सगळं येतं. अडीच महिने मी ओरखड्याला दाद देत होतो. बायकोनं हे गल्लीतच नाही, माहेरी शहापूरला पण सांगितलं.

लाज वाटली, पण खरं सांगू, आधी आनंद झाला. मला वाटलं पाचवी मात्रा पण ओरखड्यानंच खाल्ली असणार! भाच्याच्या फोनवर परत मोजलं. चारच. तिथं माझी खरी निराशा झाली.

मग विक्रेत्याशी भांडण. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, सर हे इलेक्ट्रॉनिक म्युझिक आहे, त्यात रिपिटेशन असतं. माझंच वाक्य मलाच! दुसऱ्या मेलला उत्तर, रिटर्नची मुदत ७ दिवस होती, आपण ७६ दिवसांनी कळवताय. आता ७६ दिवस का लागले हे कुठल्या तोंडानं लिहिणार? रेटिंगला एक स्टार दिला आणि सोडून दिलं.

शेवटी टूथपेस्ट. पांढरी साधी घ्यायची, जेल नाही, आणि मधनं कडेकडं सरळ पुसायचं, गोल गोल नाही. नव्वद टक्के काम झालं. 'रोझ रूज' पार जायला लागलं आणि आल्बम मला नव्यानं ऐकावा लागला.

आधी मला हा पहिल्या गाण्याचा आल्बम वाटायचा. आता तसं म्हणत नाही. 'मॉन्टेगो बे स्प्लीन'मध्ये अर्नेस्ट रँग्लिन या जमैकाच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याला बोलावलंय आणि तो मशीनच्या ठोक्याच्या किंचित मागं रेंगाळत वाजवतो, पानाच्या दुकानापाशी उभं राहून बोलल्यासारखा, कुठं पोचायची घाई नाही. असं मागं रेंगाळणं मशीनला जमत नाही, म्हणूनच मशीनवर ते उठून दिसतं. इथं मला काकांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं, अजून त्यांना सांगितलेलं नाही. 'शुअर थिंग'मध्ये जॉन ली हूकर या अमेरिकन ब्लूज गायकाचा आवाज आहे, घोगरा, पावसात रात्री घाट उतरताना लावू नये, अंगावर येतो. 'सो फ्लूट' लांब आहे पण बासरीवाला जीव ओततो. शेवटची दोनतीन गाणी पार्श्वसंगीत. बिल भरताना हॉटेलात वाजतं तसलं. तिथं वर माणूस कमी आणि खाली मशीन जास्त असं माझं मत.

यानंतर नावारनं पुढचा आल्बम थेट २०१५ ला काढला, मालीच्या वादकांना घेऊन. पंधरा वर्षं. आमच्याकडं पंधरा दिवस डिलिव्हरी लांबली तर ऑर्डर रद्द होते.

तर प्लेयर. गॅरेजवाला म्हणतो डॅशबोर्ड खोलायला लागतंय, २२०० होतील, त्यापेक्षा नवीन टचस्क्रीनवाला बसवा, त्यात सीडी नसते. ११५० ची सीडी काढायला २२०० घालणं मला जमत नाही, आणि सीडी सोडून देणं त्याहून जमत नाही. भाचा महिन्याच्या भाड्याचं परत बोलायलाय. परवा गोवावेसच्या एका ओळखीच्यानं गाडी विकणार काय विचारलं, म्हटलं विकतो की, पण आतली सीडी माझी, ती काढून द्यायची जबाबदारी तुमची. तो अजून विचार करतोय.